संगणकाला प्रश्न विचारताना : रुग्णालयीन नोंदींच्या क्वेरीतील नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकड्यांचे तक्ते असतातच. वर्षभरात किती रुग्णांनी बाह्यरुग्ण विभागाचा लाभ घेतला, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती निर्धन रुग्णांवर विनामूल्य उपचार झाले, किती बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, हे सारे या तक्त्यांत दिलेले असते. विश्वस्त ते पाहतात, देणगीदार पाहतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडेही माहिती पाठवावी लागते. मात्र हे आकडे येतात कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पूर्वी नोंद विभागातील कर्मचारी जाडजूड वह्या उलटून, पेन्सिलीने खुणा करीत, ते मोजून काढत. आता ते संगणकातील डेटाबेसला प्रश्न विचारून मिळतात. अशा प्रश्नालाच क्वेरी म्हणतात.

वहीतून मोजणारा माणूस दमला की चुकतो, आणि दुसऱ्याने पुन्हा मोजले की चूक सापडते. संगणक मोजताना चुकत नाही. तेथे चूक असते ती बहुधा प्रश्नात. क्वेरीतील चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात शब्द चुकतो किंवा नसलेल्या तक्त्याचे नाव दिले जाते. संगणक तात्काळ नकार देतो आणि काम थांबते. ही चूक त्रासदायक असली तरी निरुपद्रवी आहे. दुसऱ्या प्रकारात संगणक कोणतीही तक्रार न करता उत्तर देतो, पण ते आपल्या मनातील प्रश्नाचे नसते. असे उत्तर अहवालात छापले जाते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या चुकांचाच प्रामुख्याने विचार केला आहे. रोज क्वेरी लिहिणाऱ्यांना तो उपयुक्त ठरावा, आणि जे केवळ आकडे वाचतात त्यांनाही कोणते प्रश्न विचारावेत हे कळावे, असा हेतू आहे.

थोडी पार्श्वभूमी

आज वापरात असलेल्या बहुतेक डेटाबेसचा पाया एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली आयबीएम कंपनीत असताना घातला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला ओळखीचा क्रमांक असावा आणि त्या क्रमांकाच्या आधारे एक तक्ता दुसऱ्याशी जोडावा, हा त्यांचा मूळ विचार. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे तक्ते विचारण्यासाठी जी भाषा मांडली तिचेच पुढे एसक्यूएल हे रूप झाले. रुग्णालयात रुग्णांचा एक तक्ता असतो, भेटींचा दुसरा, तपासण्यांचा तिसरा, पावत्यांचा चौथा. आणि या सर्वांना बांधून ठेवणारा धागा म्हणजे रुग्णाचा नोंदणी क्रमांक. पुढील बहुतेक अडचणी हा धागा कोठे सुटतो वा गुंततो, याच्याशी निगडित आहेत.

१. प्रश्न आधी मराठीत लिहावा

‘या वर्षी किती रुग्ण तपासले?’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे दोन अर्थ होतात. मधुमेहाचा एखादा रुग्ण वर्षातून सहा वेळा आला तर तो एक रुग्ण की सहा? भेटींच्या तक्त्यातील ओळी मोजल्या तर उत्तर सहा येते. ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द वापरून वेगवेगळे नोंदणी क्रमांक मोजले तर एक येते. दोन्ही आकडे खरे आहेत. एक कामाचा भार सांगतो, दुसरा सेवेचा विस्तार. चूक होते ती एका वर्षी पहिला आणि दुसऱ्या वर्षी दुसरा आकडा छापल्यावर. मग रुग्णसंख्या एकाएकी घटल्याचे वा वाढल्याचे दिसते आणि त्यावर चर्चा झडतात.

म्हणून क्वेरी लिहिण्यापूर्वी कागदावर एक संपूर्ण वाक्य लिहावे: ‘१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात बाह्यरुग्ण विभागात किमान एकदा आलेल्या वेगवेगळ्या व्यक्तींची संख्या.’ हेच वाक्य तक्त्याखाली बारीक अक्षरांत छापावे. पुढील वर्षी नवा कर्मचारी आला तरी त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल.

२. ३१ मार्चचा हरवलेला दिवस

आर्थिक वर्षाची माहिती काढताना ‘१ एप्रिल ते ३१ मार्च यांच्या दरम्यान’ अशी अट घातली जाते. तारखेच्या स्तंभात केवळ दिवस नोंदलेला असेल तर ही अट योग्य आहे. परंतु केसपेपर काढताना संगणक दिवसाबरोबर वेळही नोंदवीत असेल तर, वेळ न देता लिहिलेल्या ‘३१ मार्च’चा अर्थ तो ‘३१ मार्च, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे’ असा घेतो. सकाळी नऊ वाजता आलेला रुग्ण या मर्यादेच्या पुढे जातो आणि गणनेतून वगळला जातो. वर्षाचा अखेरचा पूर्ण दिवस अशा रीतीने गळतो. मासिक अहवालात तर प्रत्येक महिन्याचा शेवटचा दिवस गळतो, म्हणजे वर्षाला बारा दिवस.

यावर सोपा उपाय आहे. अट ‘१ एप्रिल किंवा त्यानंतर, आणि पुढील वर्षाच्या १ एप्रिलच्या आधी’ अशी लिहावी. सुरुवात धरावी, शेवट वगळावा. महिना २८ दिवसांचा आहे की ३१ चा, याचाही मग विचार करावा लागत नाही.

तारखेच्या लेखनातही घोटाळा होतो. ०३/०४ हा आकडा आपण ३ एप्रिल असा वाचतो. अमेरिकी पद्धतीवर बेतलेली प्रणाली तोच ४ मार्च असा वाचते. तेराव्या तारखेपासून पुढे प्रणाली चूक दाखवते, कारण तेरावा महिना नाही. पहिल्या बारा तारखा मात्र गुपचूप उलटतात. क्वेरीत तारीख नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या आंतरराष्ट्रीय क्रमाने लिहावी. तसेच रुग्णाचे वय साठवण्याऐवजी जन्मतारीख साठवावी. पाच वर्षांपूर्वी ‘वय ४’ असे लिहिलेले मूल डेटाबेसमध्ये आजही चार वर्षांचेच असते.

३. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

अर्जातील एखादा रकाना भरायचा राहिला की डेटाबेस तेथे ‘नल’ नोंदवितो. नल म्हणजे शून्य नव्हे, आणि ‘नाही’ असाही त्याचा अर्थ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की येथे माहिती नाही. न्यायालयात साक्षीदार ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे होकारात धरता येत नाही आणि नकारातही धरता येत नाही. नलचे तसेच आहे.

याचा परिणाम कसा होतो ते पाहू. ज्यांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आहे अशा रुग्णांची यादी मागितली, तर उत्पन्नाचा रकाना रिकामा असलेला रुग्ण यादीत येत नाही. मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांची यादी मागितली, तरीही तो येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण रुग्णसंख्येपेक्षा कमी भरते. ज्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला नाही, त्याचाच रकाना रिकामा राहतो. आणि दाखला नसलेला माणूस पुष्कळदा सर्वांत गरजू असतो. म्हणून अशा प्रत्येक तक्त्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ ही तिसरी ओळ असावी आणि त्या ओळीतील रुग्णांकडे समाजसेवा अधीक्षकांचे लक्ष वेधावे.

ॲलर्जीच्या रकान्याबाबत हा भेद जिवावर बेतू शकतो. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी नाही’ आणि ‘ॲलर्जीविषयी विचारलेच नाही’ या दोन गोष्टी एकच नव्हेत. रिकामा रकाना ‘नाही’ समजून छापणारी क्वेरी कधीही लिहू नये.

नलचा सर्वांत फसवा प्रकार ‘नॉट इन’ या शब्दप्रयोगात आढळतो. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात देतात. दुसरी मात्रा राहिलेल्या बालकांच्या पालकांना निरोप धाडायचा आहे, असे समजा. आपण विचारतो, ‘ज्यांचा क्रमांक दुसऱ्या मात्रेच्या नोंदींत नाही अशी बालके दाखवा.’ त्या नोंदींत एका ओळीत जरी रुग्णक्रमांक टाकायचा राहिला असेल, तरी उत्तरात एकही नाव येत नाही. कारण तर्कशुद्ध आहे: तो रिकामा क्रमांक कोणाचाही असू शकतो, त्यामुळे अमुक बालक यादीत नाही असे संगणक ठामपणे म्हणू शकत नाही, आणि सर्वच बालकांना वगळतो. पडद्यावर मात्र ‘शून्य नोंदी’ असे दिसते आणि सर्व बालकांचे लसीकरण पूर्ण झाले असा समज होतो.

अशा ठिकाणी ‘नॉट एग्झिस्ट्स’ ही रचना वापरावी. ती प्रत्येक बालकाची जुळणारी ओळ आहे की नाही एवढेच पाहते आणि रिकाम्या क्रमांकाने फसत नाही. शिवाय रुग्णक्रमांकाचा स्तंभ रिकामा सोडताच येणार नाही अशी अट डेटाबेस बांधतानाच घालावी. आणि कोणत्याही क्वेरीचे उत्तर शून्य आले तर आनंद मानण्यापूर्वी ते तपासावे.

४. तक्ते जोडताना हरवणारे रुग्ण आणि फुगणारी बेरीज

दोन तक्ते जोडण्याच्या क्रियेला ‘जॉइन’ म्हणतात. साधा म्हणजे ‘इनर’ जॉइन केला की दोन्ही तक्त्यांत ज्यांची नोंद आहे तेवढ्याच ओळी उत्तरात येतात. रुग्णांचा तक्ता पावत्यांच्या तक्त्याशी असा जोडून रुग्ण मोजले, तर ज्यांच्या नावे पावतीच फाडली नाही ते सर्व गळतात. धर्मादाय रुग्णालयात पावती नसलेला रुग्ण म्हणजे बहुधा विनामूल्य उपचार घेतलेला रुग्ण. ज्यांच्यासाठी न्यास स्थापन झाला, नेमके तेच त्याच्या अहवालातून नाहीसे होतात.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही सेवा प्रत्यक्षात देऊनही क्वेरीच्या दोषामुळे ती कमी दिसली, तर निधीचा हिशेब जुळत नाही आणि पुढील नियोजनही चुकते.

उपाय असा की, ज्यांची गणना करावयाची त्यांचा तक्ता आधी घ्यावा आणि दुसरा तक्ता ‘लेफ्ट जॉइन’ने जोडावा. मग पावती नसलेला रुग्णही उत्तरात राहतो, त्याच्यापुढील रक्कम तेवढी रिकामी दिसते. येथेही एक खाच आहे. लेफ्ट जॉइन केल्यानंतर ‘व्हेअर’मध्ये पावतीच्या तारखेची अट घातली, तर रिकामी तारीख ती अट पूर्ण करीत नाही आणि रुग्ण पुन्हा गळतो. पावतीविषयीची अट जोडणीच्या ‘ऑन’ या भागात लिहावी.

याच्या उलट दोष म्हणजे बेरीज फुगणे. एका रुग्णाच्या तीन तपासण्या झाल्या आणि त्याने दोन पावत्यांनी पैसे भरले, असे समजा. रुग्ण, तपासण्या आणि पावत्या हे तीन तक्ते एकदम जोडले की त्याच्या सहा ओळी होतात, आणि प्रत्येक पावती तीनदा मोजली जाते. जमा रक्कम तिप्पट दिसते. पुष्कळ जण येथे ‘डिस्टिंक्ट’ लावून ओळी कमी करू पाहतात, पण दोन पावत्यांची रक्कम समान असेल तर त्यातील एक खरी पावतीही नाहीशी होते. योग्य रीत अशी: पावत्यांची रुग्णवार बेरीज आधी स्वतंत्रपणे करावी, तपासण्यांची संख्या स्वतंत्रपणे काढावी, आणि प्रत्येक रुग्णाची एकेकच ओळ उरल्यावर मग ती जोडावी. जोडणीपूर्वी आणि जोडणीनंतर ओळी मोजण्याची सवय ठेवली की हा दोष लगेच कळतो.

५. एकच नाव, अनेक रूपे

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील, कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले स्थानक. या परिसरात मराठी कुटुंबांप्रमाणेच फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावण्यांत स्थायिक झालेली सिंधी कुटुंबे आहेत आणि कामानिमित्त आलेले हिंदीभाषकही आहेत. साहजिकच नोंदणीच्या खिडकीवर एकच नाव अनेक प्रकारे लिहिले जाते. ‘विठ्ठल’ हेच नाव रोमन लिपीत कोणी एक टी घालून, कोणी दोन टी घालून लिहितो. पहिले अक्षर कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू.

उच्चारसाम्यावरून नावे शोधणारी ‘साउंडेक्स’ ही पद्धत बहुतेक डेटाबेसमध्ये तयार मिळते. तिचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली घेतले गेले. ती इंग्रजी नावांसाठी बेतलेली आहे. एक टी आणि दोन टी यांतील फरक ती सांभाळून घेते, परंतु पहिले अक्षर ती तसेच ठेवते. त्यामुळे ‘वाघ’ हे आडनाव एकदा व्हीने व एकदा डब्ल्यूने लिहिले असेल तर दोघे निराळे ठरतात. अशा शोधापूर्वी पहिल्या डब्ल्यूचे व्हीत रूपांतर करून घ्यावे.

देवनागरीत अडचण आणखी सूक्ष्म असते. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो: एकतर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र देऊन ते साधलेले असते. मराठी अंक आणि रोमन अंक, शब्दामागे चुकून पडलेली रिकामी जागा, ‘ठ्ठ’ऐवजी लिहिलेला ‘ट्ठ’, ही याच कुळातील उदाहरणे. शोधण्यासाठी नावाचा एक वेगळा, शुद्ध केलेला स्तंभ ठेवावा. त्यात अदृश्य चिन्हे काढून टाकलेली, अंक एकाच लिपीत आणलेले आणि पर्यायी रूपे एक केलेली असावीत. छापण्यासाठी मूळ नाव तसेच राहू द्यावे.

नावाखेरीज अन्य घोळही असतात. माहेरी बाळंतपणाला आलेली स्त्री कधी माहेरच्या तर कधी सासरच्या आडनावाने नोंदवली जाते. नवजात बालकाची नोंद ‘अमुकचे बाळ’ अशी होते आणि बारशानंतर तेच मूल नव्या नावाने नव्याने नोंदवले जाते. भ्रमणध्वनी क्रमांक पुष्कळदा साऱ्या कुटुंबाचा एकच असतो. म्हणून केवळ नाव किंवा केवळ भ्रमणध्वनी जुळला म्हणून दोन नोंदी आपोआप एक करू नयेत. नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता यांपैकी किमान तीन गोष्टी जुळणाऱ्या जोड्या क्वेरीने शोधाव्यात. त्या एक करण्याचा निर्णय मात्र केसपेपर पाहून माणसाने घ्यावा. दोन रुग्णांचे अहवाल एकत्र होणे हे एका रुग्णाच्या दोन नोंदी असण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या अंतर्गत मिळणारा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक रुग्णाने स्वेच्छेने दिल्यास ओळख पटवणे सुकर होते.

पत्त्याचेही तसेच. एकाच गल्लीतील माणसे ‘विठ्ठलवाडी’, ‘उल्हासनगर, कॅम्प क्रमांक अमुक’ किंवा ‘कल्याण पूर्व’ असे निरनिराळे पत्ते सांगतात. शिवाय विठ्ठलवाडी पुण्यातही आहे. वस्तीनिहाय माहिती काढताना गावाच्या नावाऐवजी पिन कोडवर विसंबणे बरे. पुण्याचे पिन कोड ४११ ने, तर कल्याण-उल्हासनगर परिसरातील ४२१ ने सुरू होतात.

६. आजारांचे संकेतांक

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणानुसार प्रत्येक आजाराला संकेतांक असतो. पावसाळ्यानंतर हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसची आकडेवारी मागवली जाते, तेव्हा याच संकेतांकांवरून क्वेरी लिहितात. वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हिवतापाचे संकेतांक बी ५० ते बी ५४ असे पाच आहेत. त्यांपैकी एकच घेतला तर हिवतापाचा एकच प्रकार मोजला जातो. डेंग्यूला पूर्वी ए ९० आणि ए ९१ हे संकेतांक होते. २०१६ च्या सुधारणेत त्यांच्या जागी ए ९७ आला. जुनी क्वेरी तशीच चालवली तर नवे संकेतांक वापरू लागल्यापासून डेंग्यूचे रुग्ण शून्यावर आल्याचे दिसेल.

दुसरी गोष्ट, ए ९७ ला पुढे दशांशचिन्ह देऊन उपप्रकार जोडलेले असतात. ‘बरोबर ए ९७’ अशी अट घातली तर ‘ए ९७.१’ सापडत नाही. ‘ए ९७ ने सुरू होणारे’ अशी अट हवी. संकेतांकांचा एक स्वतंत्र तक्ता करून त्यात कोणता संकेतांक कोणत्या काळात ग्राह्य होता आणि कोणत्या आजारात मोडतो हे लिहून ठेवावे. वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असून तिचे संकेतांक सर्वस्वी निराळे आहेत. अशा तक्त्याशिवाय दोन काळांची तुलना करणे शक्य होणार नाही.

७. क्वेरी मंद का चालते?

सकाळी नोंदणीच्या खिडकीपुढे रांग लागलेली असताना आत कोणी वर्षभराचा अहवाल काढू लागले, तर केसपेपर निघायला वेळ लागतो आणि तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन आई ताटकळत राहते. म्हणून मोठे अहवाल रात्री, किंवा डेटाबेसच्या स्वतंत्र प्रतीवर चालवावेत.

पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी डेटाबेसमध्येही स्तंभांची सूची करता येते. तिला ‘इंडेक्स’ म्हणतात. नोंदणी क्रमांक आणि भेटीची तारीख यांवर इंडेक्स असावाच. पण क्वेरीत तारखेपासून वर्ष वेगळे काढून ‘वर्ष बरोबर अमुक’ अशी अट घातली, तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही आणि संगणक प्रत्येक ओळ वाचत बसतो. वर सांगितलेली ‘पासून, आधीपर्यंत’ ही अट येथेही हितकारक ठरते. नावाच्या मधले अक्षर देऊन शोध घेतला की तोच प्रकार होतो; शब्दकोशात ज्याचे पहिले अक्षर ठाऊक नाही असा शब्द शोधण्यासारखे ते आहे. बहुतेक प्रणालींत ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेने क्वेरी कशी चालणार आहे ते आधी पाहता येते. तसेच सर्व स्तंभ न मागता लागतील तेवढेच मागावेत. त्याने वेळ वाचतो, आणि रुग्णाची गोपनीयताही जपली जाते. आकडा हवा असेल तेथे नाव आणि आजार यांची यादी बाहेर जाण्याचे काहीच कारण नाही.

८. बदल करण्यापूर्वी

नोंद दुरुस्त करण्याची किंवा पुसण्याची आज्ञा ‘व्हेअर’ ही अट न लिहिता दिली, तर ती साऱ्या तक्त्याला लागू होते. एका रुग्णाचा पत्ता बदलायला जावे आणि सर्वच रुग्ण एका पत्त्यावर राहायला यावेत, असा प्रकार घडतो. म्हणून तीच अट आधी ‘सिलेक्ट’मध्ये लिहून किती ओळी येतात ते पाहावे, अपेक्षेइतक्याच आल्या तर ‘ट्रान्झॅक्शन’ सुरू करून बदल करावा, पुन्हा मोजावे, आणि खात्री झाल्यावरच तो कायम करावा. तोवर ‘रोलबॅक’ने मागे फिरता येते. केवळ अहवाल काढणाऱ्यांना वाचण्यापुरताच प्रवेश द्यावा.

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी यांच्या काठच्या सखल भागांत पाणी शिरले होते, हे या परिसरातील कोणी विसरलेले नाही. डेटाबेसची रोजची प्रत रुग्णालयाच्या इमारतीबाहेर सुरक्षित ठेवावी, आणि ती प्रत खरोखर पुन्हा उघडता येते की नाही हे अधूनमधून पाहावे.

९. उत्तर तपासण्याच्या चार सवयी

पहिली, एक दिवस निवडून त्या दिवसाचे केसपेपर हाताने मोजावेत आणि क्वेरीच्या उत्तराशी ताडून पाहावेत. दुसरी, विभागवार आकड्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते की नाही ते पाहावे. न जुळल्यास फरक बहुधा रिकाम्या रकान्यांत सापडतो. तिसरी, मागील वर्षाशी तुलना करावी आणि मोठी वाढ वा घट दिसल्यास आधी क्वेरीवर संशय घ्यावा. चौथी, आकड्याबरोबर क्वेरीही जपून ठेवावी, तिच्यावर तारीख आणि तिचा मराठी अर्थ लिहावा, आणि दुसऱ्या सहकाऱ्याकडून ती वाचून घ्यावी.

या सवयींना फार खर्च येत नाही. थोडा वेळ लागतो. पैसे भरणारा रुग्ण आपली पावती चुकली तर खिडकीशी येऊन विचारतो. विनामूल्य उपचार घेऊन गेलेला रुग्ण, किंवा लसीचा निरोपच न मिळालेल्या बालकाची आई, आपली नोंद अहवालात आली की नाही हे विचारायला कधीच येत नाही. त्यांच्या वतीने तो प्रश्न नोंद विभागानेच विचारायचा असतो. वाचकांनीही पुढील वेळी अहवालातील तक्ता पाहताना, यात कोण गळले असेल, असे अवश्य विचारावे.